विश्लेषण : घरगुती व्यवसाय विकता येतो का? डब्याच्या धंद्याची किंमत कशी ठरते?

कार्यालयांना डबे, मसाले, दिवाळीचा फराळ, केक, शिवणकाम, पाळणाघर, शिकवण्या... सीबीडी बेलापूरच्या सेक्टरांमध्ये घराघरांतून चालणाऱ्या या व्यवसायांना ना पाटी असते, ना गाळा. ते चालवणाऱ्या महिला थकल्या, आजारी पडल्या किंवा मुलांकडे दुसऱ्या शहरात राहायला गेल्या, की गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर एक निरोप जातो आणि पंधरा-वीस वर्षांचा धंदा एका दिवसात बंद होतो. चालू दुकान विकले जाते, मग घरातला चालू धंदा का नाही? तो विकताना नेमके काय विकले जाते, किंमत कशी ठरते आणि कायदा काय सांगतो, याविषयी...

हा प्रश्न बेलापुरात का महत्त्वाचा?

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नव्या शहराचे मध्यवर्ती व्यापारी केंद्र म्हणून बेलापूरची आखणी झाली आणि सीबीडी हे नाव त्यातूनच रूढ झाले. सिडको भवन, कोकण भवन, महापालिकेचे मुख्यालय, कोकण रेल्वेचे मुख्यालय आणि केंद्र सरकारची कार्यालये याच परिसरात आहेत. कार्यालयांपासून थोड्याच अंतरावर निवासी सेक्टर आहेत. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात उभारलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये तर कुटुंबाच्या गरजेप्रमाणे खोली वाढवता यावी, अशीच घरांची रचना होती. दुपारच्या जेवणाचे गिऱ्हाईक आणि घरचे स्वयंपाकघर इतके जवळ असल्यावर डब्याचा धंदा उभा राहणे स्वाभाविक होते.

त्या काळात येथे राहायला आलेली जोडपी आता साठी-सत्तरीत आहेत. अनेक घरांत सदनिका पतीच्या नावावर असते; पत्नीने स्वतः उभी केलेली मालमत्ता म्हणजे तिचा धंदा. तो नुसता बंद केला तर हाती भांडी आणि फ्रीज विकल्याचे पैसे तेवढे येतात. शिवाय मदतनीस महिलेचा रोजगार जातो, तो वेगळाच.

विकायचे म्हणजे नेमके काय?

घरगुती व्यवसाय बहुधा एका व्यक्तीच्या मालकीचा असतो. कायद्याच्या नजरेत ती व्यक्ती आणि तिचा धंदा वेगळे नसतात. कंपनीचे समभाग विकून मालकी बदलता येते, तशी सोय येथे नाही. त्यामुळे धंद्यातील एकेक गोष्ट मोजून खरेदीदाराच्या हवाली करावी लागते.

पहिला भाग दिसणाऱ्या वस्तूंचा : शेगड्या, मोठी पातेली, डबे, ग्राइंडर, फ्रीज, शिलाई यंत्रे, शिल्लक कच्चा माल. दुसरा भाग न दिसणाऱ्या गोष्टींचा : व्यवसायाचे नाव, बांधलेले गिऱ्हाईक, फोन क्रमांक, पाककृती, मापांच्या वह्या, भाजीवाला आणि किराणा दुकानदाराशी ठरलेले दर. या दुसऱ्या भागाला व्यवहारात गुडविल म्हणतात. मराठीत सांगायचे तर धंद्याने कमावलेले नाव. वस्तूंना जुन्या बाजाराचा भाव मिळतो. खरी किंमत नावाला असते, पण ते नाव मालकिणीपासून वेगळे करता आले तरच. ‘काकूंच्या हाताची चव’ हीच धंद्याची एकमेव ओळख असेल, तर काकू गेल्यावर खरेदीदाराकडे उरते काय, हा या व्यवहारातला कळीचा प्रश्न आहे.

काय विकता येत नाही?

घर. व्यवसाय आणि सदनिका यांचे व्यवहार पूर्णपणे वेगळे आहेत. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील जमिनीवरच्या घराच्या हस्तांतराची स्वतंत्र प्रक्रिया असते. खरेदीदाराला काही महिने त्याच स्वयंपाकघरातून काम करायचे असेल, तर लिव्ह अँड लायसन्स करार करावा लागेल. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. घराचा वापर निवासी असल्याने सोसायटीचे नियमही आधी पाहावे लागतात.

परवाने आणि नोंदण्याही विकत देता येत नाहीत. अन्नपदार्थांच्या व्यवसायाला अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो. तो व्यक्ती आणि पत्ता यांच्याशी बांधलेला असतो. धंदा दुसऱ्या घरातून चालणार असेल, तर खरेदीदाराने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या पत्त्यावर तो घ्यायचा असतो. मालकाच्या मृत्यूनंतर मात्र कायदेशीर वारस किंवा कुटुंबातील व्यक्तीच्या नावे तो करता येतो. त्यासाठी ९० दिवसांत अर्ज करावा लागतो. जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी मालकाच्या आधार आणि पॅनशी जोडलेली असते. चालू खाते आणि यूपीआयचा क्यूआर कोडही मालकाचेच. म्हणून ‘परवान्यासकट धंदा विकणे आहे’ अशी जाहिरात दिसली, तर खरेदीदाराने सावध व्हावे.

महाराष्ट्रात असे व्यवहार झाले आहेत का?

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गिरगावचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी पापड लाटायला सुरुवात केली. समाजसेवक छगनलाल पारेख यांच्याकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकायला दिली गेली. हाच पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ झाला. या कथेतला एक तपशील मात्र फारसा सांगितला जात नाही. या महिलांनी शून्यातून सुरुवात केली नव्हती. तोट्यात चाललेला एक छोटा पापड व्यवसाय त्यांनी आपल्याकडे घेतला होता. एकाला न पेललेला धंदा दुसऱ्याच्या हाती वाढू शकतो, हे यातून दिसते. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

लिज्जतने पुढे मालकीचा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडवला. काम करणारी प्रत्येक महिला सहमालक असल्याने एक मालकीण निवृत्त झाली म्हणून धंदा थांबत नाही. दुसऱ्या टोकाला ‘कॅम्लिन’ आहे. १९३१ मध्ये दांडेकर यांनी शाईची पूड आणि गोळ्या बनवण्यापासून सुरू केलेल्या या मराठी उद्योगातील बहुसंख्य हिस्सा २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने घेतला. मालकी बदलली, पण विद्यार्थ्यांच्या दप्तरातले कॅम्लिन हे नाव कायम राहिले. खरेदीदाराने पैसे यंत्रांइतकेच त्या नावासाठीही मोजले होते.

किंमत कशी ठरवायची?

येथे बहुतेकांचा हिशोब चुकतो. समजा, एका घरातून महिन्याला ४० डबे जातात आणि एका डब्याचे मासिक ३,५०० रुपये मिळतात. जमा १ लाख ४० हजार. किराणा, भाजी, गॅस, डबे पोहोचवण्याचा खर्च आणि एका मदतनिसाचा पगार मिळून ९५ हजार खर्च होतात. उरतात ४५ हजार. मालकिणीला वाटते, वर्षाचा नफा ५ लाख ४० हजार. तेव्हा धंद्याला आठ-दहा लाख सहज मिळावेत.

खरेदीदाराचे गणित निराळे असते. मालकिणीने स्वतःच्या स्वयंपाकघराचे भाडे धरलेले नाही आणि पहाटे पाचपासूनच्या स्वतःच्या कष्टांचा पगारही धरलेला नाही. जागेचे भाडे १२ हजार आणि आचाऱ्याचा पगार २० हजार धरला, तर ४५ पैकी फक्त १३ हजार उरतात. म्हणजे वर्षाला १ लाख ५६ हजार. गुंतवलेले पैसे दोन वर्षांत सुटावेत अशी खरेदीदाराची अपेक्षा असेल, तर तो तीन लाखांच्या आसपास आणि वर वस्तूंची किंमत देईल.

मात्र खरेदीदार स्वतःच्या घरातून, स्वतः रांधणारी गृहिणी असेल, तर तिच्या हाती महिना ४५ हजार पडू शकतात. तिला हाच धंदा अधिक मोलाचा वाटेल. म्हणूनच घरगुती व्यवसायाची एकच एक किंमत नसते. ती घेणाऱ्यावरही अवलंबून असते.

आकडे खरे कशावरून?

वहीत लिहिलेला किंवा तोंडी सांगितलेला हिशोब खरेदीदार मानत नाही. यूपीआयने आणि बँकेत आलेल्या रकमा, किराण्याची बिले आणि आयकर विवरणपत्रे हेच पुरावे. कर वाचावा म्हणून उत्पन्न कमी दाखवले असेल, तर विक्रीच्या वेळी त्याचीच झळ बसते. कागदावर दोन लाखांचे उत्पन्न दाखवून पाच लाखांच्या नफ्याची किंमत मागता येत नाही. लहान व्यावसायिकांसाठी आयकरात उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा गृहीत धरण्याची सोपी पद्धत आहे. तिचा वापर करून दोन-तीन वर्षे नियमित विवरणपत्र भरले असेल, तर बोलणी पुढे जातात. किती गिऱ्हाईक किती महिन्यांपासून टिकून आहे, ही यादीही तितकीच बोलकी ठरते. सहा वर्षे डबा घेणारे २५ जण हे दर महिन्याला बदलणाऱ्या ४० जणांपेक्षा अधिक किमतीचे आहेत.

खरेदीदार कोण असू शकतो?

पहिले नाव घरातच सापडते. रोज सोबत काम करणारी मदतनीस चव, मापे, गिऱ्हाइकांच्या खोडी आणि कोणाला तिखट चालत नाही, हे सारे जाणते. तिच्याकडे एकरकमी पैसे नसतात, एवढीच अडचण. त्यावर हप्त्यांचा मार्ग आहे. थोडी रक्कम सुरुवातीला आणि बाकी महिन्याच्या कमाईतून दीड-दोन वर्षांत. त्यानंतर त्याच भागातील दुसरी डबेवाली किंवा फराळवाली. तिला गिऱ्हाईक वाढवायचे असते आणि स्वयंपाकघर आधीच असते. महिला बचत गट हा तिसरा पर्याय. शेवटी अनोळखी खरेदीदार. त्याला शिकवण्यासाठी सर्वाधिक वेळ द्यावा लागतो आणि गिऱ्हाईक गळण्याचा धोकाही त्याच्याच बाबतीत जास्त.

थेट विक्रीऐवजी भागीदारीची वाटही खुली आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार मदतनीस किंवा दुसऱ्या व्यावसायिक महिलेला भागीदार करून घ्यायचे, फर्मच्या नावे पॅन, खाते आणि परवाना काढायचा आणि वर्ष-दोन वर्षांनी मूळ मालकिणीने हिशोब करून निवृत्त व्हायचे. यात गिऱ्हाइकाला नव्या माणसाची सवय होते आणि कागदपत्रे एका दिवसात बदलावी लागत नाहीत.

नाव विकायचे तर काय करावे लागते?

१९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार ट्रेडमार्क गुडविलसह किंवा त्याशिवायही दुसऱ्याच्या नावे करता येतो. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि पुढे तिचे नूतनीकरण होते. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी केलेली नसली तरी नाव वापरण्याचा हक्क लेखी कराराने देता येतो. मात्र नोंदणी असेल तर वाद उरत नाही. व्यवसायाला आडनाव किंवा स्वतःचे नाव दिले असेल, तर अधिक जपावे लागते. उद्या दुसऱ्या कोणी केलेल्या लोणच्यावर आपले नाव राहणार, याची तयारी हवी. कुटुंबातील इतर कोणी त्याच नावाने काही विकत असेल, तर तेही करारात स्पष्ट करावे.

फोन क्रमांक हा घरगुती धंद्याचा खरा पत्ता. मोबाइल कंपनीकडे रीतसर अर्ज करून तो दुसऱ्याच्या नावे करता येतो. पण तोच क्रमांक बँक आणि आधारशी जोडलेला असेल, तर आधी ती जोडणी बदलणे अत्यावश्यक आहे. गूगलवरील व्यवसायाच्या नोंदीची मालकीही दुसऱ्याकडे सोपवता येते. समाजमाध्यमांवरील खाती आणि खाद्यपदार्थ घरपोच देणाऱ्या ॲपवरील नोंदणी यांच्या अटी मात्र वेगळ्या असतात. त्या वाचूनच शब्द द्यावा. गिऱ्हाइकांची यादी देण्यापूर्वी त्यांना कळवणे आणि त्यांची परवानगी घेणे योग्य. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी झालेल्या २०२३ च्या कायद्याचा गाभाही संमती हाच आहे.

विकून पुन्हा तोच धंदा सुरू केला तर?

खरेदीदाराची सर्वांत मोठी भीती हीच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार निरर्थक ठरतो. या कलमाला एक अपवाद आहे आणि तो नेमका या व्यवहाराला लागू पडतो. धंद्याचे गुडविल विकणारी व्यक्ती, ठरावीक परिसरात तसाच धंदा करणार नाही, असे खरेदीदाराशी ठरवू शकते. अट एवढीच की परिसराची मर्यादा वाजवी हवी आणि खरेदीदार तो धंदा प्रत्यक्ष चालवत असला पाहिजे. बेलापूर आणि शेजारच्या नेरुळपुरते हे बंधन वाजवी वाटू शकते. ‘महाराष्ट्रात कुठेही स्वयंपाकाचा व्यवसाय करणार नाही’ ही अट डब्याच्या धंद्यासाठी टिकणे कठीण. विकणारीनेही सवलत लिहून घ्यावी : घरच्या कार्यासाठी किंवा नात्यात फराळ करून देणे हा करारभंग मानला जाणार नाही.

कर किती आणि कोणता?

वस्तू व सेवा कराची नोंदणी नसलेल्या लहान धंद्याला ही बाजू सोपी जाते. महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीसाठी वार्षिक ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख रुपये ही नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा आहे. तयार जेवण पुरवणे ही सेवा मानली जात असल्याने डबेवाल्यांनी २० लाखांचा आकडा लक्षात ठेवावा. नोंदणी असेल, तर चालू धंदा संपूर्णपणे हस्तांतरित करण्याच्या सेवेला करातून सूट आहे आणि शिल्लक इनपुट क्रेडिटही खरेदीदाराकडे वळवता येते. पण खरेदीदाराने एक गोष्ट विसरू नये. हस्तांतराच्या दिवसापर्यंतची कराची थकबाकी विकणारा आणि घेणारा दोघांकडूनही वसूल होऊ शकते. विकणाऱ्याने नोंदणी रद्द केल्यावर तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरायचे असते.

आयकरात गुडविलपोटी मिळालेली रक्कम भांडवली नफा ठरते. नाव स्वतः कमावलेले असल्याने त्याचा खरेदीखर्च शून्य धरला जातो. तसाच धंदा न करण्याबद्दल वेगळी रक्कम घेतली, तर ती व्यवसायाचे उत्पन्न मानली जाऊ शकते. संपूर्ण धंदा एकरकमी विकण्याचे नियम आणखी वेगळे आहेत. म्हणून करारात रकमेची फोड कशी लिहायची, हे सही करण्यापूर्वीच कर सल्लागाराला विचारावे.

करारात काय असावे?

ओळखीतला व्यवहार म्हणून तोंडी ठरवले जाते आणि वाद तेथूनच सुरू होतात. राज्यात ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांऐवजी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. कराराच्या स्वरूपानुसार शुल्क अधिकही असू शकते. करारात वस्तूंची यादी, नावाचा हक्क, पाककृती, हस्तांतराची तारीख आणि त्या तारखेपर्यंतची उधारी कोणाची, हे लिहावे. गिऱ्हाइकांनी आगाऊ दिलेले पैसे कोणाकडे जातील, हेही ठरवावे. क्यूआर कोड त्याच दिवशी बदलावा. रकमेचा काही भाग गिऱ्हाईक टिकण्याशी जोडता येतो. उदाहरणार्थ, ४० पैकी किमान ३० डबे तीन महिन्यांनंतरही सुरू असतील, तर उरलेली रक्कम पूर्ण द्यायची. विकणारी किती दिवस सोबत राहून शिकवणार, हे दिवसांत लिहावे. ‘लागेल तेवढी मदत’ या शब्दांना अर्थ नसतो.

तयारी कधीपासून करावी?

थकल्यावर नव्हे, किमान वर्षभर आधी. आजारपणात विकायला काढलेल्या धंद्याला भाव मिळत नाही, कारण शिकवायला कोणी उरलेले नसते. ‘अंदाजाने मीठ’ हे ग्रॅममध्ये लिहून ठेवावे. धंद्याचा फोन क्रमांक आणि बँक खाते घरच्यापासून वेगळे करावे. नंतर एक साधी परीक्षा घ्यावी. मालकिणीने आठवडाभर स्वयंपाकघरात पाऊल टाकू नये. मदतनिसाने लिहिलेल्या मापांवरून सगळे डबे करावेत. तक्रारी आल्या नाहीत, तर धंदा मालकिणीपासून वेगळा झाला आहे आणि तो विकता येईल. आल्या, तर काय लिहायचे राहिले, ते कळेल.

एवढे करूनही खरेदीदार मिळेलच असे नाही. घरगुती मेणबत्त्या किंवा एखाद-दुसऱ्या शिकवणीसारख्या अगदी लहान धंद्यांत वस्तू विकून गिऱ्हाईक दुसऱ्या ओळखीच्या महिलेकडे सोपवणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. तेव्हाही पहिल्या काही महिन्यांच्या कमाईतील ठरावीक वाटा मागण्यात गैर काही नाही. पंधरा वर्षे वेळेवर डबा पोहोचवून कमावलेला विश्वासच तेव्हा दुसरीच्या हाती दिला जात असतो.